थंडीच्या गावात पहिला स्मोकर निवडताना

कॅनडातल्या कॅल्गरीत सप्टेंबर-ऑक्टोबरात पहिला बर्फ पडतो आणि एप्रिल उलटला तरी तो पुन्हा पडणार नाही, याची खात्री कोणी देत नाही. अशा ठिकाणी धुरावर मांस शिजवण्यासाठी घरी स्मोकर घ्यायचा ठरवला, तर दुकानात आणि इंटरनेटवर मिळणारा बराचसा सल्ला अपुरा पडतो, कारण तो टेक्सस किंवा कॅरोलायनासारख्या उबदार राज्यांच्या परसात तयार झालेला असतो. तिथला वाद हिकरीचे लाकूड चांगले की ओकचे, ओंडके चांगले की कोळसा, असा चवीचा असतो. आमच्याकडे पहिला प्रश्न उष्णतेचा आहे. माझे मत असे की, थंड प्रदेशात स्मोकरची बटणे, स्क्रीन आणि मोबाइल ॲप यांकडे नंतर पाहावे. आधी त्याची भिंत पाहावी. ती किती जाड आहे, झाकण किती घट्ट बसते आणि वारा कुठून आत शिरतो, एवढे कळले की पुढचे निर्णय बरेच सोपे होतात.

स्मोकरच्या आत साधारण १०७ ते १२१ अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते. अमेरिकी पाककृतींत हेच २२५ ते २५० फॅरनहाइट असे लिहिलेले असते. उष्णता बाहेर निसटण्याचा वेग आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील फरकावर अवलंबून असतो. आत ११० आणि बाहेर २५ अंश असतील तर हा फरक ८५ अंशांचा असतो. बाहेर उणे २० असतील तर तो १३० होतो. म्हणजे त्याच स्मोकरला ढोबळमानाने दीडपट इंधन लागते. हा आकडा घाबरून जाण्याजोगा नाही, पण त्यात वारा धरलेला नाही, आणि खरा घोटाळा वारा करतो. पातळ पत्र्याला लागून वाहणारा वारा त्याच्यावरची उबदार हवा सतत पुसून नेतो, आणि शिवाय झडपांतून आत घुसून निखाऱ्यांना नको तेव्हा फुंकरही घालतो. रॉकी पर्वतावरून उतरणारा चिनूक वारा इथले तापमान काही तासांत वीसेक अंशांनी वर नेतो, म्हणून नवख्या माणसाला तो दिवस धुरासाठी मुहूर्ताचा वाटतो. प्रत्यक्षात उणे १५ चा निवांत दिवस चिनूकच्या अधिक पाचपेक्षा पुष्कळ परवडतो.

आपण काय शिजवणार, यावरही निवड ठरते. आमच्या घरी गोमांस येत नाही, त्यामुळे टेक्ससच्या ब्रिस्केटभोवती, म्हणजे गाईच्या छातीच्या मांसाभोवती, उभे राहिलेले शास्त्र आम्हाला थोडे वळवून घ्यावे लागते. आमच्याकडे डुकराचा किंवा मेंढ्याचा खांदा, कोंबडीच्या तंगड्या आणि अधूनमधून सॅमन मासा असतो. खांद्याच्या मांसातील कोलाजेन, म्हणजे त्याला चिवट ठेवणारे प्रथिन, ७० अंशांच्या पुढे सावकाश विरघळते आणि मांस आतून ९० ते ९५ अंशांवर पोहोचले की ते काट्याने सुटून येते. पण त्याआधी, ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान, मांसाचे तापमान तासन्‌तास जागचे हलत नाही, कारण घामाने अंग गार व्हावे तसे पृष्ठभागावरचे पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जात असते. नेमक्या या टप्प्यात स्मोकर ढेपाळला तर रात्रीचे जेवण मध्यरात्रीवर जाते. कोंबडीचे गणित निराळे आहे. तंगडी आतून ७४ अंशांवर खाण्यास सुरक्षित होते, मात्र ११० अंशांच्या धुरात तिची कातडी चिवट राहते. तिला दीडशेच्या वरची धग हवी.

या कसोटीवर सर्वांत आधी बाद होतो तो मोठ्या दुकानांच्या दारात मांडलेला, बाजूला चुलीची पेटी जोडलेला पातळ पत्र्याचा आडवा ऑफसेट स्मोकर. तो दिसायला रुबाबदार असतो आणि खऱ्या लाकडाचा धूर देतो, हे मान्य. परंतु त्याची दारे क्वचितच नीट मिटतात आणि उन्हाळ्यातसुद्धा त्याला पाऊण-एक तासाने नवा ओंडका द्यावा लागतो. जानेवारीत त्याच्यापासून हलताच येत नाही. जाड पोलादाचे ऑफसेट उष्णता छान धरतात, परंतु वजन आणि किंमत पाहता ती पहिली खरेदी नव्हे.

विजेवर चालणारी पेटी सोयीची, आणि तिच्या भिंतीत उष्णतारोधक थरही असतो, तरी तिची ताकद मोजकीच. अशा बऱ्याच पेट्या मुळात १३५ अंशांच्या वर जात नाहीत, म्हणजे कोंबडीच्या कातडीचा प्रश्न तसाच राहतो. शिवाय २५ अंशांच्या हवेत जी पेटी पूर्ण जोर लावून जेमतेम १३५ गाठते, तीच उणे २० मध्ये ९० च्या आसपास अडकेल, हा वर मांडलेल्या फरकाचाच हिशेब आहे. तिच्यात लाकूड पेटत नाही, नुसते धुमसते, म्हणून धूर सौम्य असतो आणि मांसाच्या कडेला येणारी गुलाबी रेघ सहसा येत नाही. माशासाठी मात्र हेच सौम्यपण गुणाचे ठरते. ब्रिटिश कोलंबियातल्या ब्रॅडली कंपनीच्या यंत्रात दाबलेल्या भुशाच्या चकत्या दर वीस मिनिटांनी आपोआप पुढे सरकतात. ज्यांना मुख्यतः सॅमन आणि चीज करायचे आहे त्यांनी असे यंत्र अवश्य पाहावे. प्रोपेन वायूवर चालणाऱ्या पेटीबद्दल एवढेच सांगतो की प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतो, त्यामुळे उणे २५-३० मध्ये टाकीतला दाब फार उतरतो, आणि वायू निघताना टाकी आणखी गार पडून ज्योत मंदावते. टाकी उबेसाठी घरात आणून ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. ते धोक्याचे आहे.

पेलेटच्या स्मोकरबद्दल माझे मत दोन्हीकडे झुकते. ओरेगॉनमधल्या ट्रेगर कुटुंबाने १९८० च्या दशकात आणलेली ही पद्धत आता घरोघरी पोहोचली आहे: दाबलेल्या भुशाच्या गोळ्या एक मळसूत्र थोड्या थोड्या पुढे ढकलते, पंखा त्यांना पेटते ठेवतो आणि तापमानाची चिंता यंत्रावर सोपवता येते. घरी लहान मुले असतील किंवा रात्री झोप हवी असेल, तर याला पर्याय नाही. परंतु एकेरी पत्र्याचे यंत्र कडाक्यात पेलेट अक्षरशः गिळते, आणि गोळ्यांच्या पेटीत बर्फ वा ओल शिरली की गोळ्या फुगून भुसा होतो आणि मळसूत्र अडकते. हे घ्यायचे तर दुहेरी भिंतीचे घ्यावे किंवा त्याच मापाचे उष्णतारोधक पांघरूण सोबतच विकत घ्यावे. आणि परसातल्या विजेच्या जोडणीवर झाकण आहे ना, तेही पाहावे.

माझी शिफारस उभ्या, बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या कोळशाच्या स्मोकरची आहे. वेबर कंपनीचा स्मोकी माउंटन १९८१ पासून याच घाटाचा आहे: तळाशी कोळसा, त्यावर पाण्याचे पसरट भांडे, वर दोन जाळ्या, खाली तीन झडपा आणि झाकणावर एक. भिंत पातळच, पण अंग गोल आणि सरळ असल्याने पाण्याच्या बंबाला गुंडाळतात तसले चकचकीत उष्णतारोधक वेष्टन त्याच्या मधल्या भागाभोवती सहज बसते, आणि वाऱ्याच्या बाजूला प्लायवुडचा आडोसा उभा केला की बरेच काम होते. आग पेटवण्याची जिम मिनियन यांच्या नावाने ओळखली जाणारी रीत यात उत्तम चालते: न पेटवलेल्या कोळशाचा ढीग रचायचा, त्यात लाकडाचे चार तुकडे पुरायचे आणि माथ्यावर थोडेसेच लाल निखारे ओतायचे, म्हणजे आग वरून खाली सावकाश सरकत राहते. सुरुवातीचा दाट पांढरा धूर कडवट असतो. तो विरळ आणि निळसर होईपर्यंत मांस ठेवू नये, असा नियम सर्वत्र सांगितला जातो. कडक थंडीत मात्र हा नियम डोळ्यांना फसवतो, कारण चिमणीतून निघणारी साधी वाफही गोठून पांढरीशुभ्र दिसते आणि धूर निवळला तरी निवळलेला वाटत नाही. तिथे हाताने थोडा धूर नाकाकडे ओढून पाहावा: घसा खवखवत नसेल आणि गोडसर लाकडाचा वास येत असेल, तर आग तयार आहे.

पाण्याच्या भांड्याबद्दल मी रूढ सल्ल्याच्या विरोधात आहे. उन्हाळ्यात पाणी तापमान स्थिर ठेवते, पण हिवाळ्यात त्याची वाफ करण्यातच कोळसा खर्ची पडतो. त्यामुळे भांडे कोरडेच ठेवून त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल घालावी. पाणी घालायचेच असेल तर किटलीतले उकळते घालावे आणि काम संपताच ओतून टाकावे, नाहीतर सकाळी त्याचा ठोकळा होतो. माप १८ इंचांचे पुरे. २२ इंची स्मोकर चार लोकांच्या घरात अर्धा रिकामा राहतो आणि ती रिकामी जागा तापवायला कोळसा मात्र पुरा लागतो.

खिशाला जड वाटत नसेल तर मातीच्या जाड भिंतीचा कमाडो याहूनही सरस आहे. १९७४ साली अटलांटात सुरू झालेल्या बिग ग्रीन एगमुळे तो उत्तर अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याला हवा इतकी कमी लागते की वाऱ्याचा उपद्रव जवळजवळ संपतो, कोळशाची एक भरणी दहा-बारा तास सहज जाते, आणि झडपा उघडल्या की तोच भट्टीइतका तापतो, त्यामुळे कोंबडी आणि नान दोन्ही मार्गी लागतात. त्याचे तोटेही माहीत असावेत. मोठा कमाडो सत्तर किलोंच्या पुढे जातो, म्हणून जागा एकदाच ठरवावी. तापमान चुकून वर गेले तर तो लवकर उतरत नाही. आणि झाकणाच्या कडेची नमद्याची पट्टी ओली राहिली तर रात्रीत गोठून झाकण चिकटते. ते ओढून उघडू नये; खालून थोडी आग देऊन पट्टी सुटेपर्यंत थांबावे. गोठलेल्या मातीला एकदम भडका देणेही टाळावे.

कोणताही स्मोकर घेतला तरी झाकणावरच्या काट्यावर विसंबू नये. जाळीजवळ एक आणि मांसात एक अशा दोन सळया असलेला बिनतारी थर्मामीटर घ्यावा आणि त्यात लिथियमचे सेल घालावेत, कारण साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात. आकडा स्वयंपाकघरात दिसला की झाकण उघडण्याचा मोह कमी होतो, आणि हिवाळ्यात उघडलेल्या झाकणाची किंमत चांगलीच मोजावी लागते. वाऱ्याला कंटाळून स्मोकर गॅरेजमध्ये ओढणारे लोक इथे आहेत. दार अर्धे उघडे ठेवले तरी कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. घराच्या विनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकचे आवरण असलेल्या, भिंतीपासूनही अंतर ठेवावे, ती वितळते. राख धातूच्या झाकणबंद बादलीतच काढावी. बर्फावर टाकलेला निखारा विझलाच असेल असे समजू नये.

लाकूड विकतच आणावे लागते. आमच्या अल्बर्टा प्रांताच्या रानात स्प्रूस आणि पाइन मुबलक असले तरी त्यांच्या राळेने मांस कडू होते. सफरचंद किंवा मेपल मेंढीच्या खांद्याला मानवते, आणि त्यावर आदल्या रात्री मिठासोबत चोळलेला कांदा-लसूण मसाला ११० अंशांच्या मंद धगीत करपत नाही, उलट त्याची काळपट खमंग साल धरते. खरेदी सप्टेंबरात करावी. तेव्हा दुकाने उन्हाळी माल सवलतीत काढतात, आणि नवा स्मोकर एकदा रिकामाच तापवून त्याच्या झडपांचा स्वभाव समजून घ्यायला हातमोज्यांविना उभे राहता येईल असे काही आठवडे अजून हाताशी असतात.