फोटो कित्याक व्हयो?

हांबुर्गच्या मासळीबाजारात मी पहिला ओरडा खाल्ला तो वाम सोलणाऱ्या एका आजोबांचा. १७०३ पासूनचा हा बाजार रविवारी पहाटे भरतो आणि साडेनऊला गुंडाळतात. मालवणच्या मुलीला तिथे माहेरी आल्यासारखं वाटणारच. तोच वास, तीच आरडाओरड. आजोबा धुरी दिलेल्या वामीचं कातडं पायमोजा काढावा तसं एका ओढीत उतरवत होते, बोटं तेलाने चकाकत होती. मी पटापट दोन फोटो घेतले. ते गरजले, "काइन फोटो!" म्हणजे फोटो नाही!

मी सॉरी सॉरी करत त्यांच्यासमोरच दोन्ही डिलीट केले. आजूबाजूचे बघत होते. एसटीत पाकीट मारताना पकडलेल्या माणसासारखा माझा चेहरा झाला असणार.

ऑफिसातल्या मैत्रिणीने मग कायदा समजावला. जर्मनीत स्वतःच्या छबीवर ज्याचा त्याचा हक्क; विचारल्याशिवाय ती छापायची नाही, चारचौघांत दाखवायची नाही. कायदा १९०७ चा, आणि त्यामागची गोष्ट हांबुर्गजवळचीच. १८९८ मध्ये जर्मनीचा पहिला चान्सलर बिस्मार्क वारला त्या रात्री दोन फोटोग्राफर त्याच्या घरात घुसले आणि मृतदेहाचा फोटो काढून विकायला निघाले. केवढा गहजब झाला! आता गर्दी, मिरवणूक, किंवा देखाव्यात जाता जाता आलेला माणूस चालतो. पण वाम सोलणारे आजोबा म्हणजे काही देखावा नव्हे. शिवाय २०१८ पासून युरोपचा डेटाचा कायदाही लागू झालाय.

म्हणून मी विचारायला लागले, आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली. विचारलं की माणूस हातातलं काम ठेवतो, टोपी सरळ करतो आणि मतदार ओळखपत्रासाठी उभा राहावा तसा ताठ होतो. मला हवे असतात ते हात, ती मान तिरकी करून वजन बघण्याची लकब. ते सगळं "हो, काढा" म्हणताक्षणी पळून जातं. आता मी आधी मासे घेते, मोडक्या जर्मनमध्ये भाव विचारते, कॅमेरा गळ्यात नुसता लोंबू देते. अर्ध्या तासाने माणूस मला विसरतो. त्याच आजोबांनी चौथ्या रविवारी स्वतःहून खुणावलं, "हातांचा काढ, तोंडाचा नको." तो फोटो माझ्या भिंतीवर आहे.

मे महिन्यात मालवणला आले तेव्हा ही सवय अंगात मुरली होती. मासळीबाजारात नेहमीच्या मावशीसमोर बसले आणि म्हटलं, "मावशे, फोटो काढू काय?"

ती विळीवरून नजर न काढता म्हणाली, "आता इचारतंस? त्या टायमाक इचारलंस काय?"

त्या टायमाक म्हणजे मी कॉलेजात होते तेव्हा. मालवणातल्याच दांडीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली होती, मावशी तारल्यांची पाटी डोक्यावर चढवत होती, पदराचं टोक दातात. त्या फोटोला एका स्पर्धेत पाच हजारांचं बक्षीस मिळालं आणि त्यातून मी लेन्स घेतली. मावशीला सांगायचं डोक्यातच आलं नाही. गावात सगळ्यांना माहीत, तिलाच नाही, असं मी इतकी वर्षं समजत होते. तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

"तुका बक्षीस गावला, माका काय?"

मैत्रिणीने सांगितलेलं एक कलम आठवलं: फोटोतल्या माणसाने फोटोबद्दल मोबदला घेतला असेल, तर शंका असल्यास संमती होती असं धरतात. बर्लिनचा कायदा मालवणच्या बाजारात कोण विचारतो, पण मी मुकाट पाकीट काढलं. पाचशेची नोट मावशीने कमरेच्या पिशवीत खोचली. मग मी बरोबर आणलेला तो जुना फोटो तिला दिला. स्वतःकडे तिने बघितलंच नाही. बोट पाटीवर ठेवलं. "इतके तारले आता गावनत नाय गो."

आणि हात धुतले, पदर नीट केला, केस मागे सारले, आणि ताठ बसली. हांबुर्गसारखीच, सरळ कॅमेऱ्यात बघत.

"अगो मावशे, तसा नको. सुरमय काप, मी काढतंय."

"मगे सुरमय घी. तेव्हा कापतंय."