टाचेतला दोरा

वारीला निघताना दिंडीची भिशी, म्हणजे जेवणाखाणाचे पैसे, भरताना वहीवाल्याला मी फक्त पहिलं नाव सांगितलं. तो पेन तसंच धरून बसला. माझ्या मित्रानं पटकन सांगून टाकलं, "मोहित्यांच्यात लिवा, माझ्यासंगटच हाय." त्याच्या मनात काही नसणार. एका राहुटीत दोघं, एका ओळीत दोन नावं, एवढंच. पण मी दुरुस्त केलं नाही, आणि आळंदीपासून मोहिते झालो. आमचं खरं आडनाव ऐकलं की कुणाला पुढचा प्रश्न विचारावाच लागत नाही.

गळ्यात आजीची माळ होती. आजोबा छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि घरातले देव नदीत सोडले. माळ तेवढी आजीनं ज्वारीच्या कणगीत लपवली. सकाळी बाबासाहेबांच्या फोटोला हार घालायची आणि आषाढाच्या तोंडावर "भनीकडं जाऊन येते" म्हणून निघायची. वीस-बावीस दिवस मुक्काम करावा अशी बहीण तिला नव्हतीच. घरात सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. तिची दिंडी पालखीच्या अश्वांच्या पुढं चालायची. आमच्या लोकांच्या दिंड्या घोड्यापुढं, नंबरातल्या दिंड्या घोड्यामागं. लहानपणी मला वाटायचं, पुढं म्हणजे केवढा मान! वारी मोजतात ती घोड्यापासून, हे फार उशिरा कळलं.

वडिलांना हे चालणं कधीच पटलं नाही. "मंगळवेढ्याचं गावकुस बांधायला चोखोबाला वेठीला धरलं, ते अंगावर कोसळलं, तेव्हा तुमचा विठ्ठल कुठं होता?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. कॉलेजात असताना मी मोठ्या उत्साहानं त्यांना दाखवलं होतं की बाबासाहेबांनी १९४८ सालचा अस्पृश्यांवरचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलाय. त्यांनी चष्मा काढला. "अर्पण केलाय. वारीला जा असं कुठं लिहिलंय?"

पुणं, दिवेघाट, सासवड, जेजुरीचा भंडारा, नीरास्नान, चांदोबाच्या लिंबाचं रिंगण. सगळं झालं. आता आठवायला बसलो की कुठला पाऊस कुठल्या मुक्कामावरचा ते सांगता येत नाही. टँकरपुढची रांग आणि पहाटे अंधारात डबा घेऊन शोधलेले आडोसे मात्र नीट लक्षात आहेत. आणि "माउली, माउली" म्हणत कोपरानं ढकलणारे. ढकलायला यापेक्षा सोयीचा शब्द मराठीत नसेल. तरीही संध्याकाळी समाजआरतीला चोपदारांनी चोप उंचावला आणि तेवढा मोठा तळ एका क्षणात गप्प झाला की माझ्या अंगावर काटा यायचा. रोज. खरंच रोज यायचा का, असं वडिलांनी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कुणास ठाऊक.

फलटणच्या अलीकडं एका सकाळी चोखोबाचा जोहार लागला.

जोहार मायबाप जोहार । तुमच्या महाराचा मी महार ॥
बहु भुकेला जाहलों । तुमच्या उष्ट्यासाठीं आलों ॥

पावलं पडत होती, टाळ वाजत होते, आणि आजीची माळ माझ्या गळ्याला टोचत होती. माझा आवाजच निघेना. शेजारचे काका डोळे मिटून गात होते. अभंग संपल्यावर म्हणाले, "काय लीनता बघा!" त्यांच्या घरातलं कुणी कधी कुणाच्या दारात उष्ट्यासाठी उभं राहिलं नसणार, म्हणून तर इतकं मोकळेपणानं गाता येत होतं. माझी पणजी उभी राहिली होती. तिला भाकरी वरून टाकायचे. चोखोबाच्या पोरानं, कर्ममेळ्यानं, याच उष्ट्यावर देवाला थेट सुनावलंय: जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥ तो अभंग आमच्या दिंडीत कुणी लावला नाही. मी तरी कुठं लावला?

बरडच्या पुढं पाय गेला.

बूट नवे, मोजे दोन दिवस ओले. टाचेखाली लिंबाएवढा फोड आला होता आणि प्रत्येक पावलाला आत पाणी हलल्याचं कळत होतं. दिंडी पुढं निघून गेली. मित्रही. एका बाभळीखाली मोजा काढून बसलो आणि सगळ्यांवर चिडलो: मित्रावर, विठ्ठलावर, आजीवर, बूटवाल्यावर. ऊन असं पडलं होतं की आषाढ आहे हे खरं वाटू नये.

एक म्हातारी समोर येऊन थांबली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर बोचकं, कपाळाचा बुक्का घामानं गालावर उतरलेला. तिनं नुसतं बघितलं आणि खालीच बसली. "दे हिकडं."

"मावशी, पायाला हात नका लावू."

"गप. कापू नगंस आणि फोडू नगंस. कातडं ऱ्हायला पायजे."

माझा पाय तिनं ओढून मांडीवर घेतला. चंचीतून सुई काढली, गोधडीचा जाड पांढरा दोरा ओवला, बाटलीतलं खोबरेल सुईला आणि दोऱ्याला पुसलं. सुई एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर. दुखलं नाही. दोऱ्यावरून पाणी थेंब थेंब तिच्या लुगड्यावर ओघळायला लागलं. तिनं ते पदरानं पुसलं, तोच पदर पुन्हा डोक्यावर घेतला. दोन्हीकडं दोरा बोटभर सोडला, वर पुडीतली हळद दाबली. तिचा अंगठा टाचेवरून फिरत होता आणि मला आईची आठवण आली, म्हणजे रडायलाच आलं. आणि त्याच वेळी तिनं विचारलं, "आडनाव काय म्हनलास?"

काहीच म्हणालो नव्हतो.

"मोहिते."

"कंचं मोहितं? तळबीडचं?"

मी मान हलवली. म्हातारीचा चेहरा फुलला. "आगं बया! माझी थोरली नणंद तळबीडलाच दिलीया." मग वाडा कुठला, चुलते किती, शाळेच्या अंगाला का देवळाच्या अंगाला, सुरूच झालं. मी कधी तळबीड बघितलेलं नाही. हंबीररावांचं गाव एवढंच पुस्तकातलं ठाऊक. "आम्ही लहानपणीच पुण्याला गेलो," म्हणून सुटलो. तिनं फडक्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली, वर ठेचा. "खा. आपल्याच घरातली हाय."

खाल्ली. भूक लागली होती. पण एक घास नीट उतरला नाही. आडनाव विचारायच्या आधी तिनं पाय मांडीवर घेतला होता, हे मी स्वतःला धर्मपुरी येईपर्यंत सांगत राहिलो. खरं नाव सांगितलं असतं तर सुई हातात तशीच राहिली असती का, हे आता कळायचा मार्ग मीच बंद केला होता. तिचा राग येत होता आणि रागाला कारण सापडत नव्हतं.

नातेपुते, माळशिरस, वेळापूरचा धावा. दोऱ्यानं फोड बसला.

वाखरीच्या तळावर हाक आली, "ओ मोहितं!" तीच. सोबत पुतण्या आणि आणखी दोघं. "ह्यो बघा, तळबीडचा." पुतण्यानं हात जोडले, "कुठल्या वाड्यातले पाव्हणं?"

मी सांगितलं. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आजी घोड्यापुढच्या दिंडीत चालायची तेही सांगितलं. गरज नसताना जरा मोठ्यानंच. पुतण्या "बरं, बरं" म्हणाला आणि त्याला एकदम टँकरकडं काम निघालं. म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पाय बघू."

मी बूट काढला. तिनं वाकून बघितलं, बराच वेळ. हात लावला नाही. फोड वाळला होता, हात लावायचं तसं काही कारण नव्हतं.

"आता दोरा काढ," म्हणाली. आणि बोचकं उचललं.

पंढरपुरात दर्शनबारीत उभा राहिलोच नाही. महाद्वारात चोखोबाच्या समाधीपाशी गेलो. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा आमच्यासाठी देऊळ उघडलं. त्याआधी पणजीची वारी इथंच संपायची. समोर नामदेव पायरी, तिच्या पलीकडं पाऊल नाही. कळसाला हात जोडायचे आणि मागं फिरायचं. माळ काढून समाधीला टेकवली, पुन्हा घातली. मागून शिट्टी वाजली, "चला माउली, पुढं चला."

स्टँडवरून वडिलांना फोन केला. ते चोखोबाबद्दल काही बोलले नाहीत, मीही नाही. "पाय कसा आहे?" त्यांनी विचारलं. मित्राकडून कळलं असणार.

एसटीत मोजा काढला. दोरा आपणच सुटून मोज्याला चिकटला होता, हळदीनं पिवळा झालेला. खिडकीतून टाकायला हात बाहेर काढला, मग तिकिटाच्या घडीत ठेवला.