ओ सेब्रेइरोची चढण

स्पेनमधल्या सांतियागोच्या पायी यात्रेत पाम्प्लोना, बुर्गोस, लेऑन ही शहरं मागे पडली. तिथल्या भव्य चर्चांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. दिवसही आता एकमेकांत मिसळलेत. कुठल्या अल्बर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, कोण घोरत होतं एवढंच पक्कं आठवतं. लास एर्रेरियासनंतरची चढण मात्र जशीच्या तशी पायात आहे.

चेस्टनटच्या झाडांतून जाणारी दगडांची वाट, तीवर चिखल आणि गाईंचं शेण. डाव्या टाचेचा फोड फुटायला आलेला. मागे एकजण लोखंडी टोकाच्या काठ्या टकटक आपटत येत होता. पाठीवर काही नाही, बॅग टॅक्सीने पुढे गेलेली. ‘बुएन कामिनो!’, शुभ यात्रा, म्हणून हसत पुढे गेला. मीही तेच म्हटलं, दात आवळून. मग तोंडात आपसूक ‘विठ्ठल विठ्ठल’ सुरू झालं. चाल सेंट जेम्सच्या वाटेवर, नाव पांडुरंगाचं. दोघांनी काय ते बघून घ्यावं.

ला फाबात एका दारातल्या आजींनी माझी चाल पाहिली आणि हाताला धरून ओट्यावरच बसवलं. बूट काढायला लावले. मोजा रक्ताने चिकटला होता. त्यांनी मिठाचं कोमट पाणी आणलं, जाळावर तापवलेली सुई आणली, फोडातून दोरा ओवला आणि दोन्ही टोकं बाहेर ठेवली, पाणी झिरपत राहावं म्हणून. सगळा वेळ त्या मला रागावत होत्या. एक शब्द कळत नव्हता, पण हा राग ओळखीचा होता. पैसे पुढे केले तर हातच झटकला. निघताना खुणेने समजावलं : सांतियागोला पोचलीस की माझ्या वतीने अपोस्तलाला मिठी मार. म्हणजे तिथल्या सेंट जेम्सच्या मूर्तीला. आमच्याकडे वारीला निघालेल्याला गावातली म्हातारी माणसं ‘आमचाही दंडवत सांग’ म्हणतात, तसंच.

लागुना दे कास्तियानंतर गालिसिया प्रांताची शीव दाखवणारा दगड, आणि मग सुमारे १,३०० मीटर उंचीवरचं ओ सेब्रेइरो. गवताने शाकारलेली गोलसर दगडी घरं, पायोसा. त्यांच्याशेजारी सांता मारियाचं चर्च : जाड भिंती, बसका मनोरा, आत अंधार. मूळ नवव्या शतकातलं म्हणतात. आजचं रूप विसाव्या शतकातल्या डागडुजीचं. बाप्तिस्म्याला माणूस बुडवता येईल एवढं दगडी पात्र तिथे आहे.

काचेमागे बाराव्या शतकातला कटोरा आणि तबक. कथा सुमारे १३००ची. बार्शामायोर गावचा शेतकरी हिमवादळातून मिसेला, म्हणजे भाकरी-दारू ख्रिस्ताचं शरीर-रक्त मानून घेण्याच्या प्रार्थनेला, वर आला, तेव्हा पाद्री मनात म्हणाला, एवढ्याशा भाकरी-दारूसाठी हा एवढा तडफडला? आणि भाकरीचं मांस, दारूचं रक्त झालं. मेरीची मूर्ती तो चमत्कार पाहायला वाकली, म्हणून तिची मान अजून कलती. मला त्या पाद्र्याचं थोडंसं पटतं. अशा थंडीत, रिकाम्या चर्चमध्ये, एकट्या माणसासाठी उभं राहायचं.

पण मी खरी आले होते दुसऱ्या पाद्र्यासाठी. बाहेर डॉन एलियास वालिन्या यांचा अर्धपुतळा आहे. इथलेच गावचे पाद्री, १९८९मध्ये गेले. यात्रा जवळजवळ विसरली गेली होती, तेव्हा १९८४मध्ये त्यांनी आपल्या गाडीत पिवळा रंग घातला आणि फ्रान्सच्या सीमेपासून बाण रंगवत आले. पोलिसांनी हटकलं तर ‘मोठ्या स्वारीची तयारी करतोय’ म्हणाले, असं सांगतात. चमत्काराहून मला हा रंगाचा डबा जास्त भावतो. झाडांवर, दगडांवर, गोठ्यांच्या भिंतींवर मी रोज त्यांच्याच बाणांमागे तर चालत होते.

संध्याकाळच्या मिसेला यात्रेकरूंसाठी आशीर्वाद होता. काठ्यावाला माझ्याच बाकावर आला, आणि शांतीचा हस्तांदोलनाचा क्षण आल्यावर हात माझ्याच पुढे केला. दिला. रात्री घोरणाराही तोच निघाला.