गॅसची तपासणी आणि अडवलेला नंबर

घरगुती गॅसच्या जोडणीची ठरावीक काळाने तपासणी व्हावी, याला माझा विरोध नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली की तो जमिनीलगत साचतो, आणि हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले तरी एका ठिणगीने भडका उडू शकतो. शुक्रवार पेठेतल्या जुन्या इमारतींमध्ये एकाच भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन बिऱ्हाडांचे ओटे असतात, त्यामुळे एका घरातल्या निष्काळजीपणाची झळ दुसऱ्या घराला लागते. अशा ठिकाणी सरकारने नियम करणे योग्यच आहे. मात्र त्या नियमाच्या नावाखाली माझ्या आत्याचा सिलिंडर अडवला गेला, तेव्हा हा नियम नेमका कोणाच्या हातात आहे, हे शोधणे मला भाग पडले.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेले दोघे जण एका दुपारी तिच्याकडे आले. पाच वर्षांनी होणारी अनिवार्य तपासणी करायची आहे, असे सांगून त्यांनी २०० रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर असे २३६ रुपये घेतले, ओट्याचे फोटो काढले आणि नळी बदलावीच लागेल असे सांगितले. त्या नारिंगी नळीवर आयएस ९५७३ हे मानक आणि वापराची मुदत स्पष्ट छापलेली होती, आणि ती मुदत अजून संपलेली नव्हती. त्यानंतर त्यांनी रेग्युलेटरला जोडायचे एक ‘सुरक्षा यंत्र’ पुढे केले, ज्याची किंमत तिच्या महिन्याच्या किराण्याहून जास्त होती. स्वयंपाकघरातले देवघरही तिथून हलवायला हवे, नाहीतर ‘पास’ करता येणार नाही, असे ते म्हणाले.

पेटती समई सिलिंडरपासून दूर असावी, हा सल्ला बरोबर आहे, आणि आत्याचे देवघर ओट्याच्या विरुद्ध कोपऱ्यात, उंचावर आहेच. पण दोन खोल्यांच्या घरात देव कुठे ठेवायचे हे सांगणारा सल्ला जेव्हा चूल पेटण्याची अट होतो, तेव्हा सरकार उंबरठ्याच्या फार आत आलेले असते, असे माझे स्पष्ट मत आहे. आत्याने यंत्र आणि नळी दोन्ही नाकारले. त्यांनी तपासणी ‘अपूर्ण’ अशी नोंदवली, पैशांची पावती दिली नाही आणि ते निघून गेले. पुढच्या वेळी तिने फोनवरून गॅसचा नंबर लावला, तो लागलाच नाही.

वितरकाच्या कार्यालयात मला सांगण्यात आले की तपासणी पूर्ण नसल्यामुळे संगणक नंबर घेत नाही आणि त्यांच्या हातात काही नाही. कोणत्या आदेशानुसार पुरवठा थांबवला, हे लेखी द्यावे, अशी विनंती मी केली, तेव्हा ‘वरून आलेले आहे’ एवढेच उत्तर मिळाले. तपासणी नसेल तर अपघातात विमाही मिळणार नाही, असेही वर ऐकवण्यात आले. तिन्ही सरकारी तेल कंपन्या गॅसच्या अपघातांसाठी सार्वजनिक दायित्व विमा उतरवतात, त्याचा हप्ता ग्राहकाकडून घेतला जात नाही, आणि मृत्यू झाल्यास त्यात माणशी सहा लाख रुपयांची तरतूद आहे. ही माहिती कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असायला हवी. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना घाबरवण्यासाठी ती वापरली जाऊ नये.

मला सर्वांत जास्त खटकले ते पुढचे. जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली काढलेल्या २००० सालच्या आदेशाने घरगुती गॅसचा पुरवठा नियंत्रित होतो आणि एका कुटुंबाला एकच जोडणी ठेवता येते. वितरक बदलण्याची सोय आहे, पण सिलिंडर रिकामा झालेल्या माणसाला त्या आठवड्यात तिचा उपयोग नाही. म्हणजे अधिकार सरकारचा, तो चालवणारा एक खासगी दुकानदार, आणि चुकीच्या वापराबद्दल विचारायला गेले की दुकानदार सरकारकडे बोट दाखवतो आणि सरकारी यंत्रणा दुकानदाराकडे. किराणा दुकानदाराने साखरेसोबत साबण घ्यायची सक्ती केली असती, तर आत्या शेजारच्या दुकानात गेली असती.

तोपर्यंत मी तिला विजेवरची इंडक्शन शेगडी आणून दिली होती. तिच्यावर भाकरी भाजता येत नाही, हे तिने तक्रारीच्या सुरात नव्हे, पण रोज सांगितले.

ग्राहक चळवळीत अनेक वर्षे काम केलेल्या एका ज्येष्ठ परिचितांनी मला मार्ग दाखवला. पुण्यात अशी माणसे सहज भेटतात, कारण बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीची सुरुवात याच शहरात केली. या परिचितांनी माझे लक्ष ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील कलम २(४१) कडे वेधले. एक वस्तू किंवा सेवा मिळवण्यासाठी दुसरी घेण्याची अट घालणे, ही त्या कलमानुसार प्रतिबंधक व्यापारी प्रथा ठरते. १९०६ हा क्रमांक गळतीच्या आपत्कालीन मदतीसाठी आहे, तो अशा तक्रारीसाठी अडवू नये, अशी सूचना त्यांनी आवर्जून केली. मी आधी कंपन्यांच्या १८०० २३३३ ५५५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवली, आणि नंतर केंद्र सरकारच्या तक्रार निवारण संकेतस्थळावर पेट्रोलियम मंत्रालयाच्या नावे सविस्तर लिहिले. नळीवरील मुदतीचा फोटो, नंबर नाकारल्याचा संदेश आणि वितरकाला दिलेल्या अर्जाची पोच मी सोबत जोडली. पावती न दिल्याचा मुद्दा स्वतंत्र परिच्छेदात लिहिला, कारण एकाच वाक्यात सगळे कोंबले की सोयीच्या भागाचेच उत्तर येते.

त्यानंतर एक वेगळा मेकॅनिक आला, आणि खरी तपासणी कशी असते हे आम्हाला त्या दिवशी दिसले. त्याने नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिले, शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर आहे ना याची खात्री केली, आणि मग रेग्युलेटर काढून सिलिंडरच्या तोंडातील रबरी रिंग बोटाने चाचपली. ती रिंग एका बाजूला झिजलेली होती. त्याने ती विनामूल्य बदलली, आणि दर वेळी नवा सिलिंडर आला की डिलिव्हरी देणाऱ्याकडून ती तपासून घ्या, असे आत्याला समजावले. पहिल्या दोघांनी देवघराचा फोटो काढला होता. रिंगकडे त्यांनी पाहिलेही नव्हते. मला या प्रकरणातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते. सुरक्षेसाठी केलेला नियम विक्रीला जुंपला की धोका जिथे असतो तिथे कोणी बघत नाही, आणि ज्यांनी वस्तू विकत घेतली ती घरे कागदावर सुरक्षित ठरतात.

सिलिंडर दुसऱ्या दिवशी आला. संकेतस्थळावर मात्र ‘तपासणी पूर्ण झाल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे’ असे एका ओळीचे उत्तर मिळाले. नंबर कोणी व कोणत्या आदेशाने अडवला, २३६ रुपयांची पावती कुठे आहे, यावर त्यात एक शब्दही नाही. म्हणून मी अपील केले आहे. पुरवठा थांबवण्यापूर्वी ग्राहकाला मराठीत लेखी कारण आणि आदेशाचा क्रमांक द्यावा, तपासणीला येणाऱ्या व्यक्तीला कोणतीही वस्तू विकण्यास मनाई असावी, आणि तपासणीच्या यादीत नसलेल्या कारणासाठी कोणाचीही जोडणी अपूर्ण ठरवू नये, एवढ्या तीन मागण्या त्यात आहेत. आत्याच्या इमारतीतल्या काही बिऱ्हाडांनी ते यंत्र भीतीपोटी विकत घेतले होते. त्यांच्याकडच्या पावत्याही आता मी अपिलाला जोडत आहे.