खाऱ्या पाण्याला टेकलेलं चाक

पुण्याजवळच्या एका शेडमध्ये ती कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं ट्रेलरवरचं घर, तीन पावसाळे उभी होती. दोघांपुरती निजायची जागा, छोटासा ओटा, दोन खिडक्या. विकणारे गृहस्थ पडद्यांचं कौतुक सांगत होते. मी मात्र आत शिरून आधी वास घेतला. कुबट वास आला, म्हणजे कुठून तरी पाणी मुरतंय. खिडकीखालचं प्लायवूड अंगठ्याने दाबलं, तर अंगठा आत रुतला. टायरांची नक्षी कोरी होती, पण बाजूवर शेवटचे चार आकडे ‘२३१४’ होते, म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. न धावताही रबर म्हातारं होतं. टायर आणि प्लायवूडचा खर्च किमतीतून वजा झाला. ट्रेलरचं स्वतःचं आरसी बुक असतं, त्यावरचा चासी नंबर जुळवला आणि ती आमची झाली.

निघण्याआधी स्प्रिंगचे पाटे तपासले, खिडक्यांचं सीलंट खरवडून नवं भरलं, चाकांच्या बेअरिंगमध्ये ताजं ग्रीस भरून घेतलं. हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचे, पाणी अडवणारे सील तेवढे जुनेच ठेवले. बरे दिसत होते.

ताम्हिणीतून दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. मागे वजन असलं की नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवू नये, ते तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत. जड सामान अॅक्सलच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, किंचित पुढे ठेवलं होतं. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा गाडीच्या हुकावर यायला हवा. तो कमी पडला की मागचा डबा शेपटीसारखा झुलायला लागतो. माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन करत दुपारी बागमांडल्याच्या धक्क्यावर पोचलो.

इथून सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला जायचं. ओहोटी होती. धक्क्याचा उतार संपून फेरीबोटीची फळी सुरू होते तिथे मोड येतो आणि ट्रेलरचं बूड नेमकं तिथेच घासतं. बोटीवरच्या पोरांनी चाकांखाली फळ्या सरकवल्या, हाताने इशारे देत इंचाइंचाने वर घेतलं. त्या पोरांचे मी किती आभार मानले असतील! पण त्या खटपटीत डावं चाक मिनिटभर खाऱ्या पाण्यात उभं राहिलं.

वेळास, केळशी, आंजर्ले. डावीकडे जांभ्याचे गडगे, उजवीकडे सुरूंच्या मधून दिसणारा समुद्र. समोरून एसटी आली की एकाने थांबायचंच. थांबलो की मी खाली उतरून हबजवळ हात धरायची, ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी. हर्णैला पोचलो तेव्हा उजवा हब कोमट होता. डाव्याला हात लाववेना.

बंदराजवळ होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकत बसलेले एक आजोबा उठून आले. चाकाभोवती फिरले.

“बाय, खाऱ्यात गेलं होतं काय? गोड्या पाण्याने धुतलंस?”

नव्हतं धुतलं. त्यांनी नातवाला हाक मारली, जॅक लावला, हब उघडला. ग्रीस दुधाळ झालं होतं. धावून तापलेला हब एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि थकलेल्या सीलमधून पाणी आत ओढून घेते. घाट, लांबचा रस्ता आणि मग खाडी, असा सगळा हिशेब तिथे माझ्यासमोर उघडा पडला. मी ती प्रवासाची गाडी म्हणून घेतली होती. इथली हवा लागली की तिला होडीसारखंच जपावं लागतं, हे मला त्या चाकाने दाखवलं.

नवे सील आणि बेअरिंग दापोलीहून आणले. तोवर आम्ही दोन दिवस तिथेच राहिलो, संध्याकाळी सुवर्णदुर्गासमोर माशांचा लिलाव बघितला. निघताना खालचा सांगाडा गोड्या पाण्याने धुतला, गंजाचे ठिपके घासून रेड ऑक्साइड लावलं, दिव्यांच्या अर्थिंगचा हिरवट पडलेला जोड खरवडून ग्रीस चोपडलं.

आगोटीला, पावसाच्या तोंडावर, आम्ही तिला पुन्हा हर्णैलाच नेलं. १ जूनला मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या गेल्या. आजोबांच्या होडीशेजारी, अॅक्सलखाली घोड्या लावून, टायरांवरचा भार काढून ती उभी आहे. वर झावळ्यांचं शाकार केलंय. ताडपत्री घट्ट गुंडाळायला आजोबांनी बजावून मना केलं, आत वारा खेळला पाहिजे म्हणाले. नारळी पौर्णिमेला शाकार उतरवायला जायचंय, जाताना ग्रीसचा डबा न्यायचाय.