ओव्याच्या वासाने घातलेला घोळ

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची गोष्ट आहे. प्रोजेक्ट काय, तर ओव्याचं तेल काढायचं, त्यात काय काय आहे बघायचं आणि जंतूंवर चालतं का ते तपासायचं. घरी सांगितलं तर आजी म्हणाली, "ओवा पोटाला चांगला हे कळायला कॉलेजात जायला लागतंय होय गं?" आता काय बोलणार.

सोलापुरातल्या मधल्या मारुतीच्या बाजारातनं अर्धा किलो ओवा आणला. तेल काढायला क्लेव्हेंजर म्हणून काचेचं उपकरण असतं, खाली फ्लास्कमध्ये भरडलेला ओवा आणि पाणी उकळत ठेवायचं, वाफेबरोबर तेल वर जातं आणि कंडेन्सरमध्ये गार होऊन बारीक नळीत पाण्यावर तरंगत जमतं. ऐकायला सोपंय, पण कंडेन्सरला तीन-चार तास सलग गार पाणी पाहिजे आणि एप्रिलच्या सोलापुरात नळाला पाणी येणार चार-पाच दिवसांनी! शेवटी लॅबमधल्या मामांनी कूलरचा जुना पंप बादलीत सोडला, रसवंतीवाल्याकडनं बर्फ आणला आणि तेच पाणी गोल गोल फिरवत बसलो. 100 ग्रॅम ओव्यातनं 3 एमएल तेल निघालं, पण वास असा की जिन्यात उभा असलेला माणूस पण विचारायचा, कुणाचं पोट दुखतंय?

बाटली फ्रीजमध्ये ठेवून घरी गेले. सकाळी बघते तर तळाशी खडीसाखरेसारखे खडे. मला वाटलं गेलं तेल, आता परत बादली, परत बर्फ. मामांनी बाटली उजेडात धरली, हलवली आणि म्हणाले, "काय ओ मॅडम, घाबरताय काय, ओवाफूल आहे हे. कापूर आणि पुदिनाफूल घालून बाटलीत ठेवलं की पाणी होतं बघा त्याचं." आणि खरंच की! ओवाफूल म्हणजेच थायमॉल, 50 अंशांच्या आसपास वितळणारा पदार्थ, तेलात विरघळून बसलेला असतो आणि गारठा लागला की बाहेर पडतो. कोमट पाण्यात बाटली धरली, खडे परत विरघळले. नाहीतर वरवरचं तेल तपासणीला गेलं असतं आणि रिपोर्टात थायमॉल कमी दिसला असता. पुढे जीसी-एमएसचा, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट आला त्यात सगळ्यात जास्त थायमॉल, मग गॅमा-टर्पिनिन आणि पॅरा-सायमिन. मामांनी बाटली हलवून सांगितलं त्याला आम्ही पैसे मोजले.

खरा घोळ प्लेट्सच्या दिवशी झाला. प्लेट म्हणजे पेट्रीडिश, झाकणाची चपटी बशी. तिच्यातल्या आगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू पसरवायचा, मध्ये 6 मिमीची भोकं पाडून त्यात तेल घालायचं आणि 24 तास 37 अंशांना ठेवायचं. जिथं तेल पोचतं तिथं जंतू वाढत नाहीत, त्या स्वच्छ गोलाचा व्यास मोजायचा. शिवाय एका प्लेटमध्ये तेलाऐवजी नुसता डीएमएसओ, म्हणजे तेल विरघळवायचा द्रव, ती आपली कंट्रोल, तुलनेची प्लेट, तिथं जंतू दाट वाढलेच पाहिजेत. त्या दिवशी इन्क्युबेटर, म्हणजे जंतू वाढवायचं उबदार कपाट, फुल्ल होता, म्हणून मी शहाणीनं सगळ्या प्लेट्स माझ्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यात रचल्या, झाकण लावलं आणि डबा आत सरकवला.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर तेलाच्या प्लेट्स कोऱ्या, आणि कंट्रोलसुद्धा कोरी. एक ठिपका नाही! मॅडम म्हणाल्या, "अगं, जंतू घालायला विसरलीस का?" मैत्रीण वेगळंच, "मेलेलं कल्चर वापरलीस काय बे." मला रडूच यायला लागलं. पण त्याच कल्चरची, म्हणजे वाढवून ठेवलेल्या त्याच जंतूंची, एक प्लेट जागा नव्हती म्हणून डब्याबाहेर राहिली होती, ती काढून बघितली तर पांढरीफटक, गच्च वाढ. मॅडमनी दोन्ही प्लेट्स शेजारी ठेवल्या, मग डब्यात नाक घातलं आणि हसायलाच लागल्या.

तेल भोकात थांबलंच नव्हतं. पेट्रीडिशचं झाकण काही हवाबंद नसतं, वाफ एका प्लेटमधनं दुसरीत गेली आणि बंद डब्यात सगळ्यांनाच तिनं घेरलं. थायमॉल जंतूंच्या पेशीचं आवरणच खिळखिळं करतो, मग आतलं गळून बाहेर येतं, त्याला अंगाला लागायचीच गरज नाही, नुसत्या वाफेनंसुद्धा काम होतं. खात्री करायला पुढच्या खेपेला प्लेट उलटी ठेवली आणि झाकणात फिल्टर पेपरच्या चकतीवर तेलाचा एक थेंब टाकला. तेल आगरला कुठं शिवलेलं नाही, तरी चकतीच्या बरोबर समोर चकचकीत रिकामा गोल. ई. कोलाय हा दुसरा जंतू मात्र जरा चिवट निघाला, गोल लहान आला, त्याला बाहेरनं एक जादाचं आवरण असतं ना.

तेव्हापासून कंट्रोल वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये. डबा मी घरी नेलाच नाही, जंतू ठेवलेला डबा कसा नेणार, आणि ऑटोक्लेव्ह करूनसुद्धा, म्हणजे दाबाच्या वाफेत जंतू मारूनसुद्धा, त्याचा ओव्याचा वास काही जाईना. आई अजून विचारते, चार पुडाचा होता तो, कुठं घालवलास.