डीपी केवढी, मोटारी किती

नवं ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर पहिली वीस मिनिटं मी अतिशय सुखात होतो. एकविसाव्या मिनिटाला माझी गाडी बोगद्यात शिरली आणि अंधार झाला. बोगद्यात अंधार असायचाच, म्हणून मी दोन क्षण चालवतच राहिलो. मग कॅबिनेटमधले पंखे थांबल्याचं ऐकू आलं. पाठोपाठ ते पुन्हा घुमले आणि पडद्यावर खिडकीचं चित्र उगवलं. कॉम्प्युटर आपणहून बंद होऊन आपणहूनच सुरू झाला होता.

गाड्यांच्या शर्यतीचा गेम. वय चव्वेचाळीस. मुलं झोपल्यावर रात्री साडेदहा ते बारा हा माझा सगळा विलास. जुनं कार्ड ७५ वॅटचं होतं. मदरबोर्डच्या खाचेतून तेवढी वीज मिळते, त्यामुळे त्याला वेगळी वायर लागत नसे. सात वर्षं त्यानं कधी तक्रार केली नाही, फक्त नव्या गेममधली झाडं ते फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दाखवायचं. नवं कार्ड १७० वॅटचं. त्याला खाचेखेरीज आठ भोकांची वेगळी वायर लागते आणि तशी वायर माझ्या एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याला, नव्हती. दुकानदारानं ड्रॉवर उपसून एक जोडणी काढली. एका टोकाला हार्डडिस्कचे दोन जुने प्लग, दुसऱ्या टोकाला आठ भोकं. म्हणाला, "बसतंय ना? मग चालतंय." बसत होतं खरं.

त्यानंतरचे अकरा दिवस मी गेम कमी खेळलो आणि वैद्यकी जास्त केली.

एवढं शिकलो की गेम बंद पडण्याच्या दोन जाती आहेत. नुसता गेम मिटला आणि विंडोज जागच्या जागी राहिलं, तर संशय ड्रायव्हरवर (म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामवर), मेमरीवर किंवा गेमच्याच फायलींवर घ्यायचा. अख्खं यंत्रच मान टाकत असेल, तर आधी विजेकडे बघायचं. हे आता मी फार शहाण्यासारखं सांगतोय. तेव्हा दोन्ही जातींचे सगळे उपाय मी एकदमच सुरू केले होते, त्यामुळे कशानं काय झालं हे कळायची सोयच उरली नव्हती.

विंडोजमध्ये घडल्या गोष्टींची एक नोंदवही असते. तिथे माझ्या प्रत्येक अंधाराची लाल खुणेची नोंद होती, क्रमांक ४१. मोठ्या आशेनं उघडून पाहिलं. मजकूर असा, की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. म्हणजे पंचनाम्यात लिहावं, मृत्यूचं कारण : मृत्यू.

मग ड्रायव्हर. जुन्या कार्डाचे अवशेष राहिले तर नव्याला त्रास होतो म्हणे. त्यासाठी सेफ मोडमध्ये जाऊन एका खास प्रोग्रामनं सगळं खरवडून काढायचं आणि नवीन टाकायचं. तेही केलं. त्या वाचनात एक गंमत कळली. ग्राफिक्स कार्डाला काम सांगितलं आणि त्यानं दोन सेकंदांत काही हालचाल दाखवली नाही, तर कार्ड अडकलं असं समजून विंडोज त्याला नव्यानं सुरू करतं. दोन सेकंद! मी ज्या ऑफिसात काम करतो तिथे हा नियम लावला, तर दुपारपर्यंत सगळेच नव्यानं सुरू होतील. मी धरून.

कार्ड काढून पुन्हा बसवलं. रॅमच्या सोनेरी कडा मुलीच्या खोडरबरानं घासल्या. या खोडरबराच्या उपायावर आपल्याकडे सगळ्या दुरुस्तीवाल्यांचं एकमत आहे. कॅबिनेटचं झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावला. तापमान ६८ अंश, म्हणजे ताप नाही. बोगदा आला, अंधार झाला.

"जुनं चालत होतं ना?" बायको म्हणाली. या प्रश्नाला आजवर कोणत्याही नवऱ्याला उत्तर सुचलेलं नाही.

खरी खूण चुकून सापडली. वैतागून मी गेमला सेकंदाला ३० चित्रांचं कुंपण घातलं आणि गाडी दीड तास न थांबता धावली. बोगद्यातून सात वेळा गेलो. कुंपण काढलं, तिसऱ्या मिनिटाला अंधार. म्हणजे कार्ड धडधाकट होतं, फक्त मनापासून काम करायला लागलं की मरत होतं. हे कोडं मी जेवताना सांगत होतो. सांगत होतो बायकोला, पण ऐकत होते बाबा.

बाबा वीज मंडळात होते. तेहतीस वर्षं, बहुतेक सगळी फलटण-कराडच्या पट्ट्यात, उसाच्या गावांमधून. कॉम्प्युटर त्यांनी कधी चालवला नाही. त्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली आणि विचारलं,

"डीपी केवढी आणि मोटारी किती?"

मला कळेना. मग त्यांनी त्यांच्या पद्धतीनं समजावलं. गावात ६३ केव्हीएची डीपी, म्हणजे वीज वाटणारा ट्रान्सफॉर्मर, बसवलेली असते. तिच्यावर पंपाच्या मंजूर मोटारी दहा, लावलेल्या वीस. दिवसा कुणाची चालू, कुणाची बंद, निभावतं कसंबसं. पण पाळी रात्रीची असते. बारा वाजता लाईट येते, आणि प्रत्येकानं स्टार्टरला ऑटोस्विच लावून ताणून दिलेली असते. लाईट आली की वीसच्या वीस मोटारी एकदम उठतात. उठताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. "मग डीओ, म्हणजे डीपीवरचा फ्यूज, उडतो, नाहीतर डीपीच जळते. सकाळी लोक आमच्याकडे येणार, तुमची डीपी भिकार आहे म्हणून. तुझ्या डब्यात असंच काहीतरी एकदम उठतंय."

नंतर पाहिलं, तर अगदी तसंच होतं. कार्डाचे १७० वॅट हा सरासरीचा आकडा. दृश्य अचानक बदललं, बोगद्याच्या तोंडाशी उजेड-सावल्यांचा खेळ सुरू झाला, की ते काही मिलिसेकंदांपुरती त्याच्या बरीच वर उडी मारतं. ऑटोस्विचच तो.

बाबांनी भिंग आणलं आणि टॉर्च माझ्या हातात दिला. कॅबिनेटमध्ये वाकून पाहताना त्यांची पहिली नजर त्या जोडणीवर गेली. "हे काय? आकडा टाकलायस?" तेहतीस वर्षं ज्यांनी तारांवरचे आकडे काढले, त्यांच्याच घरात त्यांच्या मुलानं टाकलेला आकडा निघाला. मी दुकानदाराचं नाव पुढे केलं. आकडा टाकणारा प्रत्येक माणूस दुसऱ्याचंच नाव सांगतो, असं ते म्हणाले.

मग एसएमपीएसवरचं लेबल. त्यावर बोटभर अक्षरात ४५० लिहिलं होतं. त्या एका आकड्यावर मी निर्धास्त होतो, १७० आणि प्रोसेसरचे ६५, मिळून २३५, म्हणजे जवळपास निम्मीच गरज. बाबा मोठं अक्षर वाचतच नाहीत. ते खालचा बारीक तक्ता वाचत होते. "तुझं कार्ड किती व्होल्टवर चालतं?" बारा. "बारा व्होल्टला इथे १८ अँपिअर आहेत. गुण."

बारा अठरे दोनशे सोळा.

बाकीचे वॅट पाच आणि ३.३ व्होल्टच्या वायरींवर वाटलेले होते. जुन्या काळचे कॉम्प्युटर तिथून बरीच वीज घ्यायचे, आता तिथून घेणारं फारसं कुणी नसतं. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही बारा व्होल्टचेच गिऱ्हाईक. म्हणजे घरात धान्य साडेचारशे किलो, पण त्यातले निम्म्याहून जास्त वरी-राळे, आणि आमच्या दोन्ही पाहुण्यांना लागतो तांदूळ. नव्या कार्डाला मी अकरा दिवस शिव्या घातल्या होत्या. ते बिचारं उपाशी होतं.

५५० वॅटचा नवा एसएमपीएस आणताना मी काउंटरवर खोकं उलटं करून आधी बारीक तक्ता वाचला. बारा व्होल्टला ४५ अँपिअर. आठ भोकांची वायर त्याची स्वतःची होती. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. जुना एसएमपीएस बाबांनी टाकू दिला नाही, त्यातल्या पंख्याचं काहीतरी करायचं म्हणाले. तो अजून माळ्यावर आहे.

त्या रात्री सगळी कुंपणं काढून मी शर्यत लावली. बाबा मागे खुर्ची घेऊन बसले. बोगदा आला, उजेड-सावल्या चमकल्या, गाडी आरपार बाहेर पडली. कुंपणाशिवाय पहिल्यांदाच मी ती शर्यत शेवटापर्यंत नेली. पडद्यावर निकाल आला. आठ गाड्यांत आठवा.

बाबांनी भिंगातून तो आकडा नीट पाहिला.

"आता कशाचा लोड कमी पडला?"